मे महिन्याचं पाणी, जुलै महिन्यातली वीज : कोकणात स्वावलंबी घर उभारताना

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले आणि कितीतरी गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून नळाला पाणी नाही. ज्यांच्या विहिरीवर रहाट शाबूत होता त्यांना निदान पाणी तरी काढता आलं.

मुंबई-पुण्यात नोकरी झाली, आता गावच्या घरी किंवा गावाजवळच्या जमिनीत राहायला जायचं, पाणी, वीज, गॅस शक्य तेवढं आपलं आपण करायचं, असं ठरवणाऱ्या नवख्यांसाठी हा लेख आहे. आकडे कोकणातले आहेत. देशावर जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

सगळ्या हिशेबाला एकच सूत्र लावा. वर्षाची सरासरी बघू नका, सर्वांत वाईट महिना बघा. पाण्यासाठी तो मे, विजेसाठी जुलै. विकणारा नेहमी सरासरी सांगतो, कारण सरासरीत सगळंच पुरतं.

आधी गावाला विचारा

जागेवर वर्षभर राहून बघता आलं तर उत्तम. ते जमत नसेल तर निदान मेचा शेवटचा आठवडा आणि जुलैचा एखादा आठवडा तिथे काढा. डिसेंबरात कोकण कोणालाही आवडतं; डिसेंबर बघून जमीन घेणारे पुष्कळ आहेत.

शेजाऱ्यांना विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. विहीर कोणत्या महिन्यात आटते? टँकर येतो का? वीज गेली की किती दिवस जाते? पावसात पाणंदीतून गाडी येते का? वानरं आणि रानडुकरं किती? जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस असते का? कोकणात फुरसं हा विषारी साप सर्वत्र आहे, त्यामुळे शेवटचा प्रश्न हौसेचा नाही. आणि गावात वायरमन, गवंडी, प्लंबर कोण, त्यांची ओळख आत्ताच करून घ्या. जुलैत इन्व्हर्टर बंद पडला तर कंपनीचा माणूस घाट उतरून येईपर्यंत गावातला वायरमनच तुमचा वाली असतो.

पाणी

छपरावर पडणारं पाणी मोजणं सोपं आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे ९३ चौरस मीटर. रत्नागिरीच्या बाजूला वर्षाला ३,००० मिलिमीटर पाऊस धरायला हरकत नाही. उडालेलं, सांडलेलं आणि सुरुवातीचं सोडून दिलेलं असं वीस टक्के वजा केलं तरी सव्वादोन लाख लिटरच्या आसपास हिशेब जातो. देशावर ६०० मिलिमीटर धरलात तर सुमारे ४५,००० लिटर. दुष्काळी वर्षी त्याचंही निम्मं धरा.

म्हणजे कोकणात पाणी पडतं भरपूर; जांभ्याच्या सच्छिद्र सड्यावर (कातळपठारावर) ते ठरत नाही. चार महिन्यांत पडलेलं पुढचे आठ महिने जपायचं, एवढंच काम आहे.

किती जपायचं? जल जीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. काटकसरीने ४० लिटरमध्ये भागतं. फ्लश नसलेला संडास, बादलीने आंघोळ आणि भांड्यांसाठी उघडा नळ न सोडणं एवढं सांभाळावं लागतं. चौघांना रोजचे १६० लिटर. ऑक्टोबर ते मे या २४३ दिवसांचे ३९,००० लिटर झाले. एवढी टाकी बांधायची म्हटलं की लोक बिचकतात, पण बहुतेकांना तेवढी लागतच नाही. विहीर मार्चच्या मध्यापर्यंत साथ देत असेल, तर जून अर्धा जाईपर्यंतचे नव्वद दिवसच टाकीवर काढायचे असतात. त्याला १५,००० लिटर पुरतात. फक्त पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी साठवायचं असेल तर रोजचे २५ लिटर धरून संपूर्ण आठ महिन्यांना सहा हजार लिटरची टाकी झाली. म्हणूनच विहीर कधी आटते हा प्रश्न सर्वांत आधी विचारायचा. टाकीचा आकार त्या तारखेवर ठरतो.

टाकी कशाची? माझं मत फेरोसिमेंटच्या बाजूने आहे. सळ्यांचा सांगाडा, त्यावर वेल्डमेश आणि कोंबडजाळी, आणि दोन्हीकडून सिमेंटचा गिलावा. भिंत इंच-दीड इंचाचीच होते, पण गोल आकारामुळे दाब सहन करते. चार मीटर व्यास आणि १.६ मीटर उंची ठेवली की २०,००० लिटर मावतात. गावचा गवंडी हे शिकू शकतो, आणि जलवर्धिनी प्रतिष्ठानासारख्या संस्थांनी कोकणात अशा टाक्यांचं प्रशिक्षण दिलेलं आहे. गिलाव्यानंतर दोन आठवडे ओली गोणपाटं गुंडाळून पाणी मारत राहायचं. इथे आळस केला की बारीक तडे जातात आणि टाकी जन्मभर पाझरते. प्लास्टिकच्या टाक्या झटपट बसतात, पण उन्हातल्या टाकीचं आयुष्य कमी, आणि पंधरा हजार लिटरसाठी अशा किती टाक्या ओळीने मांडणार?

छपरापासून टाकीपर्यंतचा रस्ता असा: पन्हळ, जाळी, पहिला पाऊस बाहेर सोडणारा नळ, वाळू-खडी-कोळशाचा गाळणा, मग टाकी. जूनचा पहिला पाऊस छपरावरची धूळ, पक्ष्यांची घाण, कुजलेला पाला घेऊन येतो. तो एक-दोन दिवस सरळ अंगणात जाऊ द्या. पुढेही पावसाने चार-आठ दिवस उघडीप दिली की पहिले दोन मिलिमीटर, म्हणजे आपल्या छपराचे दोनशे लिटर, सोडून द्यायचे. टाकी पूर्ण झाकलेली आणि अंधारी हवी. उजेड आत शिरला की शेवाळ येतं, फट राहिली की डास येतात. ओसंडणाऱ्या पाइपाच्या तोंडालाही जाळी लावा, ती नेमकी विसरली जाते. पिण्याच्या पाण्याला हजार लिटरमागे ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवून, निवळलेलं वरचं पाणी टाकीत ओतायचं आणि किमान अर्धा-एक तास थांबायचं. जुन्या सिमेंट पत्र्याच्या छपराचं पाणी मात्र पिण्यासाठी धरू नका.

टाकी भरल्यावर उरलेलं पाणी विहिरीच्या वरच्या अंगाला चर खणून जिरवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाव ओहोळावर वनराई बंधारा (मातीच्या पोत्यांचा तात्पुरता बांध) घालत असेल तर पोती भरायला जा. तुमच्या विहिरीची आटण्याची तारीख थोडीफार त्या बंधाऱ्यावरही अवलंबून आहे.

वीज

इथे एक गैरसमज आधी काढू. छपरावर पॅनेल लावली म्हणजे वीज गेल्यावर घरात दिवे राहतात, असं बहुतेकांना वाटतं. ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या लाइनला, जोडलेल्या साध्या यंत्रणेत तसं होत नाही. लाइन बंद झाली की तिचा इन्व्हर्टरही बंद होतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या घरातून शॉक बसेल. लाइन गेल्यावरही वीज हवी तर बॅटरी असलेली ऑफ-ग्रिड (लाइनशिवाय चालणारी) किंवा हायब्रीड (लाइन आणि बॅटरी दोन्ही असलेली) यंत्रणा घ्यावी लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान (१ किलोवॉटला ३०,०००, २ किलोवॉटला ६०,०००, ३ किंवा अधिकला ७८,००० रुपये) ग्रिडला जोडलेल्या यंत्रणेसाठीच आहे. पूर्ण ऑफ-ग्रिड जाणाऱ्याला ते मिळत नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की महावितरणचा खांब दारात असेल तर कनेक्शन ठेवा. ते तोडण्यात काही मर्दुमकी नाही. हायब्रीड बसवा आणि लाइन असून नसल्यासारखी वापरा. खांब अर्धा-एक किलोमीटर लांब असेल तर ऑफ-ग्रिडचा विचार खरोखर करण्यासारखा आहे.

आता हिशेब. नऊ वॉटचे सहा एलईडी पाच तास, म्हणजे पाव युनिटाहून थोडं जास्त. बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास घेतो, जुना पंखा ७५. असे तीन बीएलडीसी पंखे दहा तास चालले तर ०.९ युनिट. लहान फ्रिज दिवसाला साधारण ०.९. फोन, लॅपटॉप, राउटर मिळून ०.३. अर्ध्या एचपीचा पंप अर्धा तास, पाव युनिट. मिक्सर नावापुरता. बेरीज दिवसाला २.७ युनिट. इस्त्री, गीझर, इंडक्शन या यादीत नाहीत आणि नकोतच. उष्णता काढणारं कुठलंही यंत्र बॅटरीवर चालवणं परवडत नाही.

एक किलोवॉट पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला चार युनिट देतं. बॅटरीत जाताना-येताना काही हरवतं, तरी तीन-सव्वातीन हाती राहतात, म्हणजे जानेवारीत एक किलोवॉट पुरलं. जुलैत कोकणातलं तेच पॅनेल दीड युनिटावर येतं, सलग झडीत त्याहून खाली. म्हणून दोन किलोवॉट घ्या. जुलैत पंखे क्वचित लागतात, त्यामुळे जमतं. तरी झडीच्या दिवसांत फ्रिज बंद ठेवायची तयारी हवी, आणि ती घरच्या सगळ्यांची हवी. यावरून घरात वाद होतात, पॅनेलच्या किमतीवरून होत नाहीत.

बॅटरी दीड दिवसाची, म्हणजे वापरण्याजोगी चार युनिट. १२ व्होल्ट १५० एएचच्या ट्युब्युलर बॅटरीत १.८ युनिट असतात, पण टिकवायची तर निम्मीच वापरायची. अशा चार लागतील, आणि त्याही थोड्या तोकड्या पडतील. पाच युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी तेवढंच काम एकटी करते, डिस्टिल्ड वॉटर मागत नाही आणि बरीच जास्त वर्षं टिकते. सुरुवातीला महाग पडते, तरी पैसे असतील तर तीच. ट्युब्युलर घेतलीत तर हवेशीर पडवीत ठेवा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, माजघराच्या कोपऱ्यात ती ठेवायची नसते.

पंप दुपारी बारा ते दोनमध्ये चालवून उंचावरची टाकी भरून टाका. पाणी चढवून ठेवणं हीसुद्धा साठवणच आहे आणि ती बॅटरीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. शेतीसाठी पाण्याचा शाश्वत स्रोत आहे पण विजेचं कनेक्शन नाही, अशा शेतकऱ्याला मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत १० टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के) रक्कम भरून पंप मिळतो. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण १७-१८ अंशांच्या उतारावर. कौलांवर चढवायचा मोह टाळा. कौलं फुटतात, गळती शोधता येत नाही, आणि वाऱ्यात सगळंच जातं. खळ्याच्या कडेला काँक्रीटच्या पायात रोवलेला गॅल्व्हनाइज्ड सांगाडा बरा; खाऱ्या हवेत साधं लोखंड दोन पावसात गंजतं. माडाची सावली एका पॅनेलवर जरी पडली तरी ओळीतल्या सगळ्यांचं उत्पादन घसरतं. आंबा जवळ असेल तर मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा पडतो, तेव्हा पॅनेल पुसायची पाळी जास्त वेळा येते. जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही, त्यामुळे वायरमनकडून ते मोजून घ्या आणि सर्ज प्रोटेक्टर बसवा. कोकणातल्या विजा मे-जूनला आणि परतीच्या पावसात पडतात.

चूल

शेणाचा गोबरगॅस हा अजूनही सर्वांत भरवशाचा मार्ग आहे, पण शेण असेल तर. चार-पाच माणसांच्या स्वयंपाकाला दोन घनमीटरचं संयंत्र लागतं आणि त्याला रोज सुमारे ५० किलो शेण. कोकण कपिलासारखी गाय अंगाने लहान, त्यात दिवसभर रानात चरणारी. गोठ्यात पडणारं शेण धरलं तर पाच-सहा जनावरं हवीत. ती नवख्याने गॅससाठी पाळू नयेत. शेजाऱ्याचा गोठा असेल तर शेण घ्या आणि स्लरी (गॅस निघाल्यावर उरणारं पातळ खत) परत द्या, हा व्यवहार दोघांनाही परवडतो. सिंधुदुर्गात झाराप इथल्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानाने घरोघरी बायोगॅस पोचवला आहे. बांधण्याआधी तिथली चार घरं बघून या.

जनावरं नसतील तर खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र आहे. पुण्याच्या आरती संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, ते विकसित केलं आणि त्यासाठी तिला २००६ चा ॲशडेन पुरस्कार मिळाला. अपेक्षा मात्र बेताची ठेवा. चौघांच्या घरचं रोजचं खरकटं किलो-दीड किलो. त्यावर शेगडी वीस-पंचवीस मिनिटं जळते. चहा, दूध, एखादी भाजी. बाकीला एक सिलिंडर आणि एक चूल. १४.२ किलोच्या सिलिंडरला तीसेक घनमीटर बायोगॅसची बरोबरी होते, यावरून काय वाचतं ते काढता येईल.

आंघोळीच्या पाण्याला बंब. नारळाची सोडणं, करवंट्या, झावळ्या आपल्याच परड्यात पडतात. सोलर हीटर उन्हाळ्यात उत्तम चालतो, म्हणजे नेमका गरम पाणी नको असतं तेव्हा.

संडास आणि मोरीचं पाणी

सेप्टिक टँक बांधू नका, दोन शोषखड्ड्यांचा संडास बांधा. कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत करण्याचं काम कोकणात रुजवलं, देहूत डॉ. मापुस्करांनी संडास बायोगॅसला जोडून दाखवले. हे सगळं मराठी मुलखात तावूनसुलाखून निघालेलं आहे. एक मीटर व्यासाचे, मीटर-सव्वा मीटर खोलीचे दोन खड्डे, मध्ये मीटरभर अंतर, आत जाळीदार बांधकाम, तळ उघडा. एका वेळी एकच वापरायचा. पाच माणसांना एक खड्डा तीनेक वर्षं जातो. भरला की चेंबरमधून पाणी दुसऱ्याकडे वळवायचं आणि पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवायचा. मग त्यातून कोरडं, वास नसलेलं सोनखत निघतं. दोन्ही खड्डे एकदम जोडून देणारे गवंडी भेटतात, तेव्हा समोर उभे राहून करून घ्या.

विहिरीपासून अंतर किमान पंधरा मीटर, जांभ्यात त्याहून जास्त, आणि उताराच्या खालच्या बाजूला. पावसात विहिरीचं पाणी काठाशी येत असेल तर खड्डे उथळ करून वर उचलून बांधा.

आंघोळीचं पाणी या खड्ड्यांत सोडायचं नाही. ते केळी, कर्दळ, अळू यांना द्या. मोरीमागे अळू लावणाऱ्या आज्यांना हे कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

घर

जुनं घर असेल तर पाडू नका. जांभ्याचे चिरे, उंच छप्पर, पडवी आणि मंगळुरी कौलं यांत पंख्याची गरज निम्मी होते, आणि तेवढी बॅटरी वाचते. नवं बांधत असाल तर नैर्ऋत्येकडची भिंत पावसाचा सगळा मारा घेते. तिथे छप्पर तीन-चार फूट बाहेर काढा किंवा पडवी द्या. बांबू वापरायचा तर पक्का, आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेला.

परसबाग

अन्नात पूर्ण स्वावलंबी होण्याचं स्वप्न जमिनीच्या हिशेबावर घासून बघा. चौघांचं कोकणी घर वर्षाला ३०० किलो तांदूळ सहज खातं. गुंठ्याला ३० किलो भात पिकलं तर तांदूळ वीसेक किलो. म्हणजे पंधरा गुंठे नुसत्या भाताला, आणि लावणी-कापणीला माणसं. पहिली दोन वर्षं तांदूळ शेजाऱ्याकडून विकत घ्या. भाजी, अळू, सुरण, शेवगा, पपई, केळी, हळद, मिरची एवढ्यावर हात बसू द्या. सुरण आणि हळदीला वानरं फारशी त्रास देत नाहीत. केळी आणि पपईला देतात, त्यामुळे ती घराला लागून. रानडुकरांना बांधावरचा दगडी गडगा पुरत नाही.

कागद

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे. गावची जमीन नावावर असेल तर शेतकरी असल्याचा पुरावा हातात आहे. नसेल तर आधी बिनशेती झालेली जागा बघा. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकाना वाचल्याशिवाय इसार देऊ नका; कूळ, खासगी वन, बोजा, सगळं तिथे दिसतं. वडिलोपार्जित जागेत सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्या, चुलत्यांशी कितीही सख्य असो. जुन्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टीचा उतारा) आपल्या नावे आहे का बघा. समुद्राजवळ सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे निर्बंध, लागतो. आणि वहिवाटीचा रस्ता कागदावर हवा, तोंडी नको.

दर मे महिन्यात

टाकीतलं पाणी तळाला गेलेलं असतं, तेव्हा आत उतरून घासून घ्या. दोघांनी मिळून करा, एकट्याने उतरू नका. पन्हळी साफ, गाळण्यातली वाळू धुऊन. पॅनेलच्या सांगाड्याचे बोल्ट एकेक आवळून बघा. घरावर झुकलेल्या फांद्या आणि सुकलेल्या झावळ्या काढा. लाकूडफाटा आणि शेणी खोपीत. फ्यूज, पॅनेलचे कनेक्टर, टाकीचा बॉल कॉक आणि पंपाचा एक कपॅसिटर डब्यात भरून ठेवा. टीसीएलची पिशवी दरवर्षी नवी आणा; उघडी राहिलेली पावडर दुसऱ्या पावसापर्यंत निकामी झालेली असते.